वास आधी, बाई मागून

डबल बेल मारण्याआधी बाई पर्समधून तपकिरी बाटली काढायच्या, बुचाला बोट लावून ते कानामागे फिरवायच्या आणि मगच दोरी ओढायच्या. "चला, सुटली!" सुटली ती गाडी की सेंट, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

रत्नागिरी-मालगुंड सकाळच्या एसटीच्या त्या कंडक्टर. मी मालगुंडच्या शाळेत शिकवायचो, म्हणून रोजचा उतारू. तुम्हीही रोज एकाच गाडीने जात असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, कंडक्टर भला असला की खड्डेसुद्धा कमी लागतात.

सेंट भावाने कुवेतहून आणलेलं. लवंग, दालचिनी आणि मागून कसलंसं गोडसर लाकूड. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाच्या तरी पिशवीत गरम मसाल्याची पुडी फुटली. मागच्या सीटवर मासेवाल्या आपल्या पाट्या घेऊन बसायच्या. बाईंचं म्हणणं, "बांगड्याशी भांडायचं तर सेंटाला आवाज पायजे."

"तुज्या सेंटानं आमचा बांगडा मेला गो!"

"तो परवाच मेलेला. माज्यावर नको घालू."

भाचीने एकदा नव्या फॅशनचं फुलाफुलांचं सेंट दिलं. ते लावून बाई आल्या आणि गणपतीपुळ्यापर्यंत वैतागल्या. "हे लाजतंय मेलं. बोलतच नाय. माजं कसं, युनिफॉर्म धुतला तरी हजर!" बाईंच्या जुन्या सेंटाच्या कंपनीने पुढे त्याच नावाखाली काहीतरी पातळ विकायला काढलं, तेव्हा भाऊ तिकडच्या जुन्या दुकानांतून धूळ खात पडलेल्या बाटल्या शोधून पाठवू लागला.

आरेच्या थांब्यावर दर शुक्रवारी एक चाचा उभे असत. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, आता दृष्टी पार गेलेली. मालगुंडला लेकीकडे जायचे, तेही एकटे. "ही गाडी कुठली हो?" असं विचारणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. दार उघडलं की ते हवा ओढत, "आली आमची गाडी" म्हणत आणि थेट पायरीवर पाय टाकत.

मग गणपतीपुळ्याला निघालेला एक पाहुणा वाटभर शिंकला आणि त्याने तक्रार केली. डेपोच्या साहेबांनी बाईंना सांगितलं, ड्यूटीवर सेंट बंद.

त्या शुक्रवारी आरेला दार उघडलं. चाचा जागचे हलेनात.

"चाचा, चढा ना!"

"आवाज तुजा हाय बाय, पन गाडी तुजी नाय." मग मान खाली घालून त्यांनी विचारलं, "मालगुंडचीच ना ही?"

बाईंचा चेहरा उतरला. खाली उतरून त्यांनी चाचांचा हात धरला. खरं सांगतो, त्या शिंकणाऱ्या पाहुण्याचा मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी मासेवाल्यांनी आपल्या पाट्या नेऊन साहेबांच्या दाराशी मांडल्या. "तिचं सेंट बंद, तर आता ह्यो वास तुमी घ्या!" साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि परवानगी दिली, फक्त बेताने लावा म्हणाले. बाई आम्हाला म्हणाल्या, "बेतानं लावायचं तर पाणीच लावते की!" पुढच्या शुक्रवारी गाडी वळणावर असतानाच चाचा हसत पुढे सरकले होते.

बाई रिटायर झाल्या तोही शुक्रवार. आरेला उतरून त्यांनी चाचांच्या कानामागे बोट फिरवलं आणि बाटली त्यांच्या खिशात घातली.

"अगो, या वयात लोकं काय म्हनतील?"

"म्हणूदेत. आता गाडी तुमची."

आम्हाला वाटलं, चला, गंमत झाली. पुढच्या शुक्रवारी चाचांचं कसं होणार, हा घोर होताच. नवा कंडक्टर आलेला. त्याला मासेवाल्यांनी काय पढवलं कोण जाणे. आरेला दार उघडलं, लवंग-दालचिनीचा लोट आत आला आणि चाचांनी तोंड उघडायच्या आत तो ओरडला, "या चाचा, मालगुंड!"

अजून तसंच चाललंय. बाटली संपत आली की बाई दुसरी धाडतात. आता त्या घरी असतात, "लाजतोस काय मेल्या" म्हणून अंगणातल्या मोगऱ्याला बोल लावतात. आणि दर शुक्रवारी आरेला चाचा ताठ मानेने पायरी चढले की मागच्या सीटवरून हाक येते,

"सरका गो, बाई आल्या!"