टाकी दिसली तर विमान

आमच्या गावच्या विमानतळावर दिवसाआड एक छोटं विमान येतं. येतं म्हणजे, दादा 'हो' म्हणाला तर येतं.

दादा माझा थोरला भाऊ. मोठ्या शहरांत धुकं किती आहे ते यंत्रं सांगतात. इथे दादा विमानतळाच्या गच्चीवर उभा राहून डोळे बारीक करतो. लांबची पाण्याची टाकी दिसली, की तो टॉवरला कळवतो आणि विमान उतरतं. नाही दिसली, तर वैमानिक डोक्यावर दोन घिरट्या घालून आल्या वाटेने परत जातो. खाली माझं चहाचं दुकान, त्यामुळे घ्यायला आलेले लोक आधी माझ्यावर डाफरतात. "भावाला चष्मा लावा," असं मला जितक्यांनी सुनावलं, तितक्यांनी चहा बरा झालाय म्हटलं असतं तर मी धन्य झालो असतो.

दादा तोंडाने फटकळ, पण आतून फार मऊ. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असायची आणि मुलगा विमानात असायचा. अशा वेळी टाकीची नुसती कड दिसली, तरी तो फोनवर सांगायचा, "दिसतेय." कधी काही बिघडलं नाही. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही, पण घरातल्या माणसाचं काय चाललंय ते कळतंच.

त्याची एकुलती एक लेक, आमची बबडी, शिकायला म्हणून परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. पाच वर्षं आली नव्हती. दादा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसे. पण विमान उतरलं की शिडीवरून शेवटचा माणूस खाली येईपर्यंत तो गच्चीवरून हलत नसे. तिने कळवलेलं नसायचं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी बघायचा. माझा जीव तुटायचा.

यंदा हिवाळ्यात तिचा फोन आला. कामासाठी मोठ्या शहरात येतेय, मधले दोन दिवस मोकळे आहेत, विमानाने येते, पुढच्या विमानाने परत जाते. रस्त्याने यायचं तर तेवढे दिवस वाटेतच गेले असते. वहिनीने उशांचे अभ्रे बदलले, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा बदलले. दादाने बबडीच्या खोलीतल्या कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल घातलं. भर थंडीत.

त्या सकाळी धुकं पडलं. मी दुकान सोडून गच्चीवर गेलो. दादा कठड्याला धरून उभा होता.

"कड दिसतेय बघ," मी म्हणालो. खरंच दिसत होती.

वर विमानाचा आवाज आला आणि टॉवरचा फोन वाजला.

"नाही," दादा म्हणाला. "दिसत नाही."

आवाज एकदा डोक्यावरून गेला, दुसऱ्यांदा गेला, मग लांब जाऊन विरला. आकाशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी दादा मान वर करून त्या आवाजाबरोबर वळत राहिला. दुपारच्या आत लख्ख ऊन पडलं. अशा वेळी उन्हाचाही राग येतो.

संध्याकाळी मी त्याच्यासोबत घरी गेलो. बबडीचा फोन येऊन गेला होता. आता पुढच्या वर्षी बघते, म्हणाली. वहिनी दारातच उभी होती.

"सगळ्या गावाच्या लेकरांसाठी दिसते तुम्हाला टाकी," ती म्हणाली. "माझ्याच लेकीला तेवढी दिसली नाही."

दादा एक चप्पल काढून तसाच थांबला.

"दिसली होती, अर्धी. दुसऱ्याचं लेकरू असतं तर उतरवलं असतं. आत बबडी होती, जीभच रेटेना." मग भिंतीला टेकून खाली बसला. "इतकी वर्षं मी लोकांच्या लेकरांशी काय खेळ करत होतो गं?"

वहिनीला रडू आवरेना.

तेव्हापासून अर्धी टाकी म्हणजे नाही. विमान जास्त वेळा परत जातं आणि गाव दादाला शिव्या घालतं. तो मात्र आता आवाज विरला की गच्चीवरून खाली येतो आणि माझ्या दुकानात, ज्यांची माणसं वरच्या वर परत गेली त्यांच्या शेजारी बसून राहतो.