जीप पंक्चर झाल्याची गोष्ट

हरिहरेश्वरला येणारे लोक माझ्या मुलाचे फोटो काढतात. तो पाण्याच्या कडेला बसून दोन्ही हात हलवत असतो आणि दिसेल त्याच्याकडे बघून हसतो. "किती आनंदी आहे हो," म्हणत एखादी बाई त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवते. नऊ वर्षांचा आहे. एक शब्द बोलत नाही, धड झोपत नाही, फिट आली की तेवढ्यापुरतं हसू थांबतं. मला त्या बायकांचा राग येतो. पेढा मात्र मी घेते, कारण समजावून सांगायचा कंटाळा आलाय.

त्याच्या आजाराची एक गोष्ट आमच्या घरात ठरून गेली होती. बाळंतपणासाठी मला माणगावला नेताना जीप पंक्चर झाली, उशीर झाला, बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. माझी धाकटी बहीण तेव्हा जीपमध्ये माझा हात धरून बसली होती, त्यामुळे ही गोष्ट ती माझ्याहून चांगली सांगायची. फक्त सासूबाईंना ती पटली नव्हती. "तुझ्या माहेरचंच हाय ते," असं त्या पहिल्या वर्षापासून म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यांना अडाणी ठरवून मी मोकळी झाले होते.

मुलगा पाच वर्षांचा असताना मुंबईच्या डॉक्टरबाईंनी त्याचं, माझं आणि मग माझ्या बाबांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आले आणि सासूबाईंचं म्हणणं खरं निघालं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढली. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची, आणि सहसा दोन्ही कामाला लागतात. पण काही मोजक्या जनुकांच्या बाबतीत, प्रत कोणाकडून आली याची रासायनिक खूण लावलेली असते. त्या खुणेप्रमाणे एक प्रत चालते, दुसरी गप्प बसते. खूण लागते ती बीजांड किंवा शुक्राणू तयार होत असतानाच. गर्भ राहिला की इतर बऱ्याच खुणा पुसल्या जातात, या मात्र राखल्या जातात. पुढे पेशीची दुसरी पेशी झाली की डीएनएच्या नव्या धाग्यावर तीच खूण पुन्हा उतरवली जाते, जन्मभर. मला हजेरीची वही आठवली. नवी वही घातली की जुन्या वहीतली लाल खूण मी त्याच नावापुढे पुन्हा करते. जनुकावरची खूण पुसली जाते फक्त एका जागी, त्या माणसाच्या स्वतःच्या बीजांडात किंवा शुक्राणूत. तिथे जुनं सगळं साफ होतं आणि बाई की पुरुष हे बघून नवी खूण लागते.

माझ्या मुलाचं जे जनुक बिघडलंय, त्याची मेंदूत फक्त आईकडची प्रत चालते. बिघडलेली प्रत मला बाबांकडून मिळाली; त्यांना ती त्यांच्या वडिलांकडून आली असावी, म्हणून तेही धडधाकट. बापाची म्हणून ती माझ्या मेंदूत गप्प राहिली, मी शिकले, मला नोकरी लागली. माझ्या बीजांडात बाबांची खूण पुसून माझी लागली आणि तीच प्रत मुलाला आईची म्हणून गेली. नवऱ्याकडची चांगली प्रत त्याच्या डोक्यात आहे, पण नियमाप्रमाणे गप्प आहे.

"तुम्हाला बहीण आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. तिच्यातही ती प्रत असण्याची शक्यता निम्मी, मूल होऊ देण्याआधी तिचं रक्त तपासा, असं त्या दोनदा म्हणाल्या.

बहिणीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. बाबा अंगणात वाडीतली सुपारी सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. "मी धडधाकट हाय, माझे भाऊ धडधाकट हायत. आमच्यात असलं काय न्हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, साखरपुडा होऊ दे, मग सांग. साखरपुड्यानंतर म्हणाले, लग्न होऊ दे. लग्नानंतर म्हणाले, जरा रुळू दे तिला.

बाबांवर ढकलणं सोपं आहे. बहिणीशी मी रोज फोनवर बोलत होते. साड्यांवर बोललो, तिच्या जावेवर बोललो. खरं सांगायचं तर त्या पंक्चरच्या गोष्टीत माझा काही दोष नव्हता, आणि ती मला सोडवत नव्हती. मला स्वतःची किळस येते ती याचीच.

दिवस गेल्याचं तिने आधी मला कळवलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. नववा लागला तशी तिने माणगावला दवाखान्यासमोरच खोली घेतली. जीपचा भरवसा नको, म्हणाली. मी तिला शहाणी म्हटलं.

बाळ दहा महिन्यांचं झाल्यावर ती माहेरी आली. बाळ अजून बसत नव्हतं. अंगणात सुपारी वाळत होती, बाजूला पाण्याची बादली होती. बहिणीने बाळाला बादलीजवळ धरलं. पाणी बघून ते खदखदून हसलं आणि दोन्ही हात हलवायला लागलं, थरथरत. बाबा उठून आत गेले. बहीण कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने ओटीवर बसलेल्या माझ्या मुलाकडे बघितलं.

"ताई, मी तर वेळेत पोचले होते ना?"

मी तिला सगळं सांगितलं, आकृतीसकट.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तुझ्या साखरपुड्याच्या आधी."

तिने ओढणीने बाळाचे ओले हात पुसले, त्याला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे निघाली. बाळ तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होतं.