मेमरी कार्डावरचं कुंकू

गडमुडशिंगीला एका जुन्या सोबत्याचं रक्षाविसर्जन होतं. ते उरकून आबा परत आले, मागच्या नळावर अंघोळ केली आणि चहाही न घेता थेट टीव्हीसमोर बसले. केसांतून पाणी गळत होतं. "त्याला आत घ्यायचा हाय," एवढंच बोलले. मी दसऱ्याला म्हणून पुण्याहून आले होते आणि तोरणासाठी झेंडू ओवत बसले होते. आज वडिलांच्या मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

टीव्हीखालचा तो काळा गेमचा डबा मुळात माझा. कॉलेजात असताना रडून-भेकून घेतलेला. मी नोकरीला बाहेर पडले आणि लेथवरून निवृत्त झालेल्या आबांनी तो सरळ बळकावला. तरुणपणी ते आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. त्या डब्यावरच्या फुटबॉलच्या गेममध्ये मनासारखे खेळाडू तयार करता येतात, हे मीच एका सुट्टीत त्यांना दाखवलं. एकेक बटण पाठ करून घेतलं. मग काय, त्यांनी अख्खा जुना संघ आत बसवला. इंग्रजी अक्षरं शोधून शोधून नावं टाकली. कुणाचे कुरळे केस, कुणाची मिशी, कुणाची आखूड मान, सगळं हुबेहूब. एकाचं वाकडं नाक काही केल्या जमेना, तर कितीतरी दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

हा डबा स्वतःजवळ काही ठेवत नाही. जे जपायचं ते सगळं पुढच्या खाचेत बसणाऱ्या, काड्यापेटीएवढ्या मेमरी कार्डात. तालमीतला संघाचा फोटो पुराच्या पाण्यात गेला आणि दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. म्हणजे ते सगळे एका जागी असे आता फक्त त्या कार्डात होते.

आबांनी डबा सुरू केला. गेम लागला आणि पडद्यावर निळ्या चौकटीत एक इंग्रजी वाक्य आलं. आबांना अक्षरं ओळखता येतात, पण वाक्य वाचायचा कंटाळा. त्यांची रीत ठरलेली: यंत्रानं काहीही विचारू दे, फुलीचं बटण दाबायचं, की गाडी पुढं जाते. मी सहज वर पाहिलं. डबा म्हणत होता, हे कार्ड कोरं आहे, फॉरमॅट करू का? निवड 'येस'वर होती. आबांचा अंगठा फुलीवर.

"आबा, दाबू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की मांडीवरची सगळी फुलं खाली सांडली.

"काय झालं?"

"सगळं पुसून टाकील त्ये. अख्खी टीम जाईल!"

त्यांनी अंगठा उचलला नाही आणि दाबलाही नाही. कंट्रोलर द्या म्हटलं तर देईनात. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. यंत्र थांबल्याशिवाय हात हलवायचा नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं मला दिसत होतं. मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि डबाच बंद केला.

कार्ड ओढून बाहेर काढलं, तर त्याचं तोंड लालभडक.

"मीच लावलंय," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आज खंडेनवमी न्हवं?"

खंडेनवमीला आमच्या घरात आबांच्या पान्या-हातोड्यांपासून मिक्सरपर्यंत कुणीही हळदकुंकवावाचून सुटत नाही. डब्याला वरून बोट लावलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण आईनं मनापासून पूजा केलेली. कार्ड बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि तोंडाशी सोनेरी पट्ट्या दिसल्यावर तेच त्याचं कपाळ समजून तिथं ओलं हळदकुंकू भरलं.

"अगं आई, नेमकं तिथंच…" संतापानं मी कार्ड तिच्यासमोर नाचवलं. तिचा चेहरा उतरला. एरवी आबा एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर घेतात. आज ते कंट्रोलर धरून नुसते कार्डाकडे बघत राहिले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आबांची साखर तपासताना बोट पुसायला स्पिरिटच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या मी आणल्या. काडीला गुंडाळून कार्डाच्या तोंडात हळूहळू फिरवू लागले. आई मोबाइलचा उजेड धरून उभी होती. कुंकू सुटून येत होतं, पण कोपऱ्यात हळद घट्ट बसलेली. जोर द्यावा तर सोनेरी पट्टीच उखडायची. पाणी आत गेलं असलं तर? कार्ड मेलंच असलं तर? आबांना काय सांगायचं?

वाळवून कार्ड बसवलं, डबा लावला. पुन्हा तीच निळी चौकट. पुन्हा बंद, पुन्हा काडी. आता आबांनी डोळे मिटून घेतले होते. परत कार्ड बसवलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, कार्डाशेजारचा दिवा लुकलुकला, आणि हिरवं मैदान उघडलं. आईनं मोबाइलचा उजेड बंद केला.

आबांनी संघाची यादी उघडली. आज ज्याची राख सावडून आले होते, त्याचं नाव बाकावर होतं. ते उचलून त्यांनी मैदानात, डाव्या बाजूला ठेवलं.

"ह्यो बाकावर कशाला होता?" मी विचारलं. "चांगला खेळायचा म्हणायचात की तुम्ही."

"मैदानात हाईत ती गेलेली," आबा म्हणाले. "बाकावर ऱ्हायलेली."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. मैदान भरलेलं. बाकावर तालमीतली दोनच नावं: जयसिंगपूरला मुलाकडे राहणारे एक सोबती, आणि आबा. गोलपोस्टात मात्र गेमनंच दिलेला कुणीतरी उंच, गोरा परदेशी उभा होता.

"त्यो बदली हाय," माझी नजर बघून आबा म्हणाले. "माझी जागा धरून थांबलाय."

मग मघाशी सुटता सुटत नव्हता तो कंट्रोलर त्यांनी आपणहून माझ्या हातात दिला. "धर. मला आत कसं घ्यायचं ते शिकून घे. तुझ्या आईला जमायचं न्हाय."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. आईनं तोंड फिरवलं. आबांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला. "हितनं खाली यायचं. माझं नाव धरायचं. मग वर, गोलपोस्टात. तिथं फुली. आन् मग सेव्ह करायचं, इसरू नगं." शेवटची फुली न दाबता ते वर्तुळाच्या बटणानं मागे आले आणि त्यांचं नाव परत बाकावर जाऊन बसलं.

"कळलं?"

"न्हाय," मी म्हटलं. "परत दाखवा."