साहेब येणार म्हणून धुतलेली शेड

कारखाने निरीक्षकाला कायद्याने काय काय करता येतं, हे मला तोंडपाठ आहे. कुणाची परवानगी न घेता तो आत येऊ शकतो. कुठलंही रजिस्टर मागू शकतो, पिंप उघडायला लावू शकतो, नमुना घेऊ शकतो. मॅनेजरला बाजूला काढून कामगाराचा जबाब घेऊ शकतो. अपघात झाला असेल तर कुणी कशाला हात लावायचा नाही असं बजावू शकतो, आणि धोका दिसला तर काम तिथल्या तिथे बंद पाडू शकतो. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते. ते कायद्याचं पुस्तक ऑफिसच्या कपाटात धूळ खात पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बसून मी ते वाचून काढलं आणि वाचून मला फार आनंद झाला. मूर्ख मी.

वाचायचं कारण माझी वहिनी. ती आणि दादा दोघंही त्याच कंपनीत, पण ठेकेदाराकडे. दादा गाड्या भरतो, वहिनी पिंपं भरायच्या शेडमध्ये. तिच्या डोक्यावरून ॲसिडची लाईन जाते आणि त्या लाईनचा एक सांधा गळतो. हे गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस त्या गळतीने तिचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पोळला. कंपनीने मलम दिलं, चार दिवस घरी बसवलं आणि अपघाताच्या रजिस्टरात एक अक्षर लिहिलं नाही. पाचव्या दिवशी ती हाताला फडकं गुंडाळून पुन्हा त्याच सांध्याखाली उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सांधा बदलल्याशिवाय तिला तिथे उभं करायचं नाही, एवढंच मला हवं होतं. मी निरीक्षकाच्या ऑफिसला बिननावी अर्ज टाकला.

आता गंमत बघा. अचानक यायचा अधिकार असलेला माणूस फोन करून आला. आदल्या दिवशी दुपारीच मॅनेजरला कळलं आणि त्याने लाईन रिकामी करून ठेवली. लॅबमध्ये मलाही कळलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण संध्याकाळी नदीवरचा पूल ओलांडून अष्टमी गावात घरी आले आणि चपला काढायच्या आधीच बोलून बसले, "वहिनी, उद्या मोठा साहेब येतोय, तुझी शेड बघायला."

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की बाई आधी झाडू उचलते. सकाळी वहिनीने शेडमधल्या पाच जणी गोळा केल्या आणि शिफ्टच्या तासभर आधी आत गेली. जमिनीवरचे पिवळे डाग त्यांनी चुना टाकून घासले. सांध्याभोवती साचलेला पांढरा थर नारळाच्या शेंडीने खरवडून काढला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मॅनेजरनेसुद्धा नाही. त्याला न मागताच मिळालं. मी पोचले तर दाराशी रांगोळी, आणि वहिनी घाम पुसत उभी. "बघ गो वन्सं, कशी लख्ख केली. साहेब आपल्याला घाणेरडं म्हणायला नको." मी कपाळावर हात मारला. वहिनी, ते डाग तसेच राहू दे, एवढं एक वाक्य मी आदल्या संध्याकाळी बोलले असते तर! करायला गेले एक आणि झालं भलतंच.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, त्याचाच जास्त राग येतो. सांधा पाहिला, तो कोरडा. ओल्या जमिनीला निळ्या लिटमसची पट्टी लावली, ती लाल झाली नाही; चुन्याने ॲसिड मारून टाकलं होतं. ते वही मिटायला लागले तशी मी पुढे झाले. "साहेब, इथल्या बायकांना एकेकीला वेगळं घेऊन विचारा. तो अधिकार आहे तुम्हाला." मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी गेलीच समजा. पण साहेबांनी त्याला खरंच बाहेर पाठवलं आणि वहिनीशी एकटीशी बोलले. दहा मिनिटांनी बाहेर येऊन मला म्हणाले, "त्या म्हणतात, घरी चुलीवर पोळलं."

आमच्या घरी गॅस आहे हो.

घरी आल्यावर मी नुसती भांडी आपटायची बाकी ठेवली. वहिनी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. बोलला तो दादा. "मीच सांगितलं तिला. शेड बंद केली असती तर या सहा बायका कुठं जाणार व्हत्या? ठेकेदार काय परत बोलवतोय? तू कायम हायस, तुला काय जातंय." आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी बोलले. म्हटलं, "मग उद्यापासून तू उभा राहा त्या सांध्याखाली."

दुसऱ्या दिवशी लाईन पुन्हा भरली. पुढे अहवाल आला, गळती आढळली नाही, आणि वर स्वच्छतेचं कौतुक. मी या खेपेला नाव घालून अर्ज दिला. पोच मिळाली, साहेब आले नाहीत.

गेल्या गुरुवारी वहिनीचा डावा हात पोळला. सरकारी दवाखान्यात नर्सने कागद पुढे ओढून विचारलं, "कसं झालं?" दादा लगेच पुढे सरकला. त्याने तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "कंपनीत. ॲसिडनं. लिवा."

"खाली सही लागेल," नर्स म्हणाली. उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, डाव्याला पट्टी. दादाने तिचा उजवा अंगठा हातात घेतला आणि शाईच्या पॅडवर टेकवला. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटत होती. मी कागद घट्ट धरून ठेवला.