शीळ घालत उतरणारे

फुटबॉल क्लबातले मालिशवाले काका खेळाडूंना ‘कसं वाटतंय’ असं कधीच विचारत नसत. विचारलं की सगळे मेले ठणठणीत! सामन्याच्या सकाळी ते नुसते खेळाडूंच्या खोल्यांकडून येणाऱ्या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत. लंगडत उतरणाऱ्याला डॉक्टर बघून घेत. पण कोणी मजेत शीळ घालत उतरला, की काका प्रशिक्षकांना सांगत, “याला आज बसवा. दुखणं लपवतोय.” तो थयथयाट करायचा आणि गुडघा दाबताच कळवळायचा.

एका संध्याकाळी सगळ्या संघाच्या मांड्या रगडून काकांचाच खांदा कामातून गेला. घरी कळलं तर सक्तीची सुट्टी! त्यांनी दारातच झकास शीळ सुरू केली.

भाजी चिरणाऱ्या काकूंनी मानही वर केली नाही. “उद्या घरी बसायचं. कुठला खांदा?”