पटावरचे डोळे

शैलाने आजवर एकाही चित्राला डोळे काढले नव्हते. चेरियाल गावच्या पद्धतीचे, कापडावर चित्रांतून गोष्ट सांगणारे लांबलचक पट ती रंगवायची, पण डोळे काढायचे ते केशवराव सरांनी. जामबागच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सरांनीच तिला लहानपणी चेरियालच्या चिताऱ्यांकडे नेलं होतं. डोळे अगदी शेवटी काढायचे, ते उघडले की पटाला हात लावायचा नाही, हा तिथला नियम दोघांनी पाळला. शैला लग्न होऊन सिकंदराबादला गेली, केस पिकले, तरी पट गुंडाळून ती नारायणगुड्याला सरांकडे यायचीच. सर चष्मा पुसून विचारायचे, "हा कुठे बघतोय?" उत्तर पटल्याखेरीज कुंचला उचलत नसत. म्हातारा भलता हट्टी.

शेवटचा पट त्या दोघांचाच होता. वर्गातला पहिला दिवस, चेरियालची बस, तिच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले सर. संपत आला की शैला खाली आणखी एक चित्र जोडायची. सर म्हणायचे, आण आता. ती म्हणायची, थोडंच राहिलंय. खरं तर काहीच राहिलं नव्हतं. पट संपला की आपलंही काहीतरी संपेल, ही वेडी भीती तिच्या मनात बसली होती, आणि त्या भीतीपायी तिने हातची वेळ घालवली.

सरांना झटका आला. उजवा हात गेला, नजरही गेली. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या सुनेचा, भाग्यलक्ष्मीचा, फोन आला तेव्हा शैलाच्या तोंडचं पाणी पळालं. पट काखेत मारून ती रिक्षाने आली.

"मामय्या सकाळपासून तुमचंच नाव घेतायत," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि दोघींनी पलंगावर पट उलगडला. शैलाने सरांच्या बोटांत कुंचला अडकवून पाहिला. तो गळून पडला. पुन्हा अडकवला, पुन्हा पडला. तिला हुंदका आवरेना.

"रडू नक्को," सर अडखळत म्हणाले. "तूच काढ."

पहिल्यांदाच ती डोळे काढायला बसली. सर एकेक विचारत गेले, ती सांगत गेली. पोर फळ्याकडे बघतेय. सर बसच्या खिडकीबाहेर बघतायत. डोळे वाकडे येत होते. अखेर एकच चेहरा उरला, शेवटच्या चित्रातल्या सरांचा.

"याचे मिटलेले काढ," सर म्हणाले.

डोळे एकदा काढले की बदलायचे नाहीत. म्हणजे आपल्याच हाताने सरांना निरोप द्यायचा? कुंचला तिने कापडाला टेकवलाच नाही.

"काढले, सर," ती म्हणाली. 'थोडंच राहिलंय'नंतर सरांशी हे तिचं दुसरं खोटं होतं.

सरांनी डावा हात पुढे केला. तिला तो धरून त्या चेहऱ्यावर न्यावा लागला. बोट गालावरून वर सरकलं आणि थांबलं.

"ओलं नाही लागत, शैला."

तिने काळा रंग घेतला आणि दोन बारीक रेघा ओढल्या. या वेळी त्या वाकड्या आल्या नाहीत.

सरांनी पुन्हा बोट टेकवलं. रेघ जराशी फिसकटली, बोटाच्या टोकाला काळा रंग लागला. तो अंगठ्याने चोळून पाहत सर म्हणाले, "आता झालं."

दुसऱ्या दिवशी सरांना शेवटची आंघोळ घालताना भाग्यलक्ष्मी ते काळं बोट पुसू लागली. शैलाने तिचा हात धरला.