धुराचा रंग बघणारे काका

कपाळावर आडवा हात धरून आधी वर बघायचं, मगच चहाचा पहिला घोट घ्यायचा. घाटाखालच्या आमच्या वीजघरात बदली होऊन आलेल्या काकांची ही रोजची तऱ्हा. वर काय, तर नुसता डोंगर. आमची वीज पाण्यावरची, तिथं कसला आलाय धूर!

"काका, पाऊस बघताय होय?"

"नाय रं. सवय हाय."

काका मूळचे पोशीरचे, पण उभा जन्म गेला कोळशाच्या वीजघरात. चिमणीचा धूर बघायचा आणि आत बॉयलरवाल्याला फोन करायचा, हे त्यांचं काम. धूर काळा झाला की ओरडायचे, "बाळ रडतंय, हवा वाढव!" निवळला की, "निजलं." साहेबलोकही हीच भाषा बोलायचे म्हणे. पुढे राख धरणारी यंत्रं बसली, धूर दिसेनासा झाला आणि शेवटी कंपनीनं कोळसाच बंद केला.

"वाईट वाटलं असेल ना?" मी एकदा विचारलं.

"छे! आसपासची पोरं खोकायची रं. बरंच झालं." मग हळूच म्हणाले, "पण माणसं पांगली ना आमची."



ती जुनी चिमणी पाडणार असं कळलं, तेव्हा काकांचा पाय जमिनीवर ठरेना. जुन्या शिफ्टमधल्या सगळ्यांना फोन केले. सगळे येतो म्हणाले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांना पुरतील एवढे नाचणीचे लाडू घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेरलं. "आले होते का सगळे?"

"आले म्हंजे! आमचा जाड्या पार काडी झालाय. बॉयलरवाल्यानं कवळी बसवलीय, लाडू खाताना पडली की! चिमणी पडली तवा समदे एकदम ओरडलो, निजलं!"

आम्ही पोट धरधरून हसलो. काकाही हसले.

गेल्या महिन्यात काका वारले. दहाव्याला पोशीरच्या नदीवर तो बॉयलरवाला आला होता. मी मुद्दाम ओळख काढून कवळीची थट्टा केली. तो गोंधळला. दात त्याचे स्वतःचेच होते.

"चिमणी पाडली त्या दिवशी ना? आमच्यातल्या कुणालाच जमलं नाही हो," तो म्हणाला. "संध्याकाळी मी त्यांना फोन केला, माफी मागायला. तर मलाच म्हणाले, बरं झालं नाय आलास, गर्दी लय होती."